निघालेल्या सदस्याचा उजवा हात

माणसाचा उजवा हात ही लोकशाहीतली सर्वांत मौल्यवान वस्तू आहे. हे मी कुठल्या भाषणात ऐकलेलं नाही, धंद्यात शिकलो. पंचायत समितीचा सभापती हात वर करून निवडतात. एका ठरलेल्या दुपारी एका ठरलेल्या खोलीत मोजके हात वर जातात आणि सबंध तालुक्याचा कारभार कुणाकडे जायचा ते ठरतं. असे हात त्या खोलीपर्यंत सुखरूप आणि आपल्याच बाजूचे पोचवणं, हे माझं आयुष्यभराचं काम.

अडचण एवढीच, की हात सुटा मिळत नाही. त्याच्यासोबत पोट येतं, रक्तदाबाची गोळी येते, बायकोचा फोन येतो आणि "मले खिडकीच लागते" म्हणणारं तोंड येतं.

अमरावतीत माझं ट्रॅव्हल्सचं छोटं ऑफिस होतं. पाटीवर लग्न, देवदर्शन आणि शैक्षणिक सहल असे तीन प्रकार रंगवलेले होते. चौथा प्रकार पाटीवर नव्हता, पण माझं घर बांधून झालं ते त्याच्यावर. आता ऑफिस मुलगी पाहते. ती लोकांना विमानाने पाठवते आणि ते स्वतःच्या इच्छेने परत येतात. तिला या धंद्यात काय थरार वाटतो ते मला कळलेलं नाही.

चौथा प्रकार म्हणजे सदस्यांची सहल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. निवडणूक होते, कुणालाच बहुमत मिळत नाही. मग दोन-तीन गट एकत्र येऊन आघाडी करतात, फोटो काढतात आणि फोटो काढून झाला की एकमेकांवर संशय घ्यायला लागतात. समोरची बाजू आपला एखादा माणूस फोडेल ही भीती असते, आणि ती बहुधा खरी असते, कारण आपणही तेच करत असतो. म्हणून निवडीच्या दिवसापर्यंत सगळ्या सदस्यांना गाडीत घालून दूर नेतात. पेपरात बातमी येते, "सदस्य अज्ञात स्थळी रवाना". आमच्याकडे अज्ञात स्थळ म्हणजे चिखलदरा. फारच धास्ती असेल तर पचमढी. चिखलदऱ्याचा चहावाला कप पुढे करतानाच विचारायचा, "कोनती पंचायत समिती?"

धंद्याचे काही नियम मी घालून घेतले होते. सदस्यांना घरून उचलायचं नाही. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळी बोलवायचं. तिथे कंपन्यांच्या इतक्या बसगाड्या उभ्या असतात की आणखी एक कुणाच्या नजरेत येत नाही. जायचं पश्चिमेला असलं तरी निघायचं पूर्वेकडून. ज्याची सासुरवाडी वाटेत आहे त्याला त्या वाटेने न्यायचं नाही. निवडीच्या दिवशी सकाळी सगळ्यांचे फोन गोळा करून एका डब्यात ठेवायचे. आणि जेवण असं द्यायचं की घराची आठवण येऊ नये, पण इतकंही चांगलं नको की सभापती निवडल्यावर उतरायला नको म्हणतील.

नियम नसताना काय होतं तेही एकदा पाहिलं. धंदा नवा होता. अकोल्याकडचे एक नगरसेवक होते, त्यांना स्वतःच्या बाजेशिवाय झोप येत नसे. सुताची बाज, चार पाय, लांबरुंद. माणूस महत्त्वाचा होता, म्हणून बाज जीपच्या टपावर बांधली. समोरची माणसं मागावर होती. मी मोठ्या हुशारीने तीन वेळा रस्ता बदलला. ते दर फाट्यावर पानठेल्याशी थांबून एवढंच विचारत होते, "टपावर बाज बांधलेली जीप गेली काय?" संध्याकाळी आम्ही मुक्कामाला पोचलो तेव्हा ते चहा पीत बसले होते. त्याच बाजेवर बसून रात्री बोलणी झाली आणि आमचे नगरसेवक त्यांच्या बाजूला गेले. बाज त्यांना तिकडे पोचती करायचं भाडं मला मिळालं, हे मान्य करायला हवं.

आता मूळ गोष्ट. जो माणूस आघाडी सोडून निघालाय, त्याला आणखी वेळ द्यावा का?

हा प्रश्न मोठ्या लोकांनाही पडतो. मी सांगतोय त्या हिवाळ्याच्या आगेमागे इंग्लंड युरोपातल्या देशांच्या संघातून बाहेर पडत होतं. पडतो म्हणालं आणि पडेना. मुदत मागितली, मिळाली, संपली, पुन्हा मागितली. एक म्हणे, किती लाड करायचे, दार दाखवा. दुसरा म्हणे, थोडं थांबा, विचार बदलेल. मी पेपरात रोज वाचायचो आणि वाटायचं, या सगळ्यांना एकदा माझ्या गाडीत बसवून चिखलदऱ्याला न्यायला पाहिजे.

कारण माझ्या गाडीत तेव्हा गुलाबराव होते.

तालुका अमरावती आणि अकोल्याच्या मधला. नाव लिहीत नाही. तिथले लोक दिवाळी अंक वाचतात आणि त्यांना पत्रं लिहायला वेळ असतो. पंचायत समितीचे सदस्य आठ. आघाडीकडे पाच, समोर तीन. सरळ हिशेब होता. पण एक जण फुटला की चार-चार होतात, आणि बरोबरी झाली की नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून एक उचलतात. तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. ईश्वर कुणाच्या आघाडीत आहे हे आधी कळत नसल्यामुळे राजकारणातली माणसं तिला फार भितात.

आघाडीचे नेते बापूसाहेब. ते स्वतः सदस्य नव्हते, नेते होते. पांढरा सदरा, करडं जाकीट, आणि चहा मागायचा असला तरी आधी प्रस्तावना. आघाडीने सभापतिपदासाठी ठरवलेलं नाव शोभाताईंचं. माळ्याचं घर, दोन एकरांत भाजीपाला, आणि निवडून येईपर्यंत दर आठवडी बाजारात स्वतः बसणारी बाई. संतोष नावाचा एक तरुण सदस्य होता, त्याला सगळं आत्ताच्या आत्ता व्हायला हवं असे. आणखी दोघे होते. ते पूर्ण सहलभर एकमेकांशी पत्ते खेळले आणि एकही शब्द बोलले नाहीत. इतके आदर्श सदस्य मी दुसरे पाहिले नाहीत. पाचवे गुलाबराव. काळ्या मातीतली तूर-हरभऱ्याची मोठी शेती, विहिरीला भरपूर पाणी, साठीच्या पुढचं वय आणि मिशा.

गुलाबरावांनी सहलीच्या दोन दिवस आधी गावच्या पारावर माईक हातात घेऊन आघाडी सोडल्याचं जाहीर केलं होतं. पेपरात छापूनही आलं. तरी ठरल्या संध्याकाळी नांदगाव पेठला, पाळी सुटलेल्या कामगारांच्या गर्दीतून, हातात बॅग घेऊन ते शांतपणे चालत आले आणि गाडीत चढायला लागले.

संतोष दारातच उभा होता. "काका, तुमी तं आघाडी सोडली ना? मंग गाडीत काहून चढून राहिले?"

"सोडली म्हनजे सोडली," गुलाबराव म्हणाले. "पन अजून निघालो नाई. निघाची वेळ मी ठरवीन. सरक तिकडं, मले खिडकी लागते."

बापूसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "अरुणभाऊ, यांना न्यायचं की नाही?"

मी म्हणालो, "बापूसाहेब, न्यायचं. इथे सोडलं तर ते अर्ध्या तासात अकोल्याच्या रस्त्याला लागतील." समोरचे तिघं अकोल्याच्या एका लॉजवर मुक्कामाला होते, हे आम्हांला ठाऊक होतं. आम्ही कुठे जातोय हेही त्यांना ठाऊक होतं. गुप्तता दोन्हीकडून चोख होती.

परतवाड्याच्या पुढे घाट लागला. शोभाताई माझ्या मागच्या बाकावर होत्या. या धंद्यात मी शेकडो सदस्य नेले. खुर्ची कुणाला, उपसभापती कोण, गाडी कोणती मिळणार, हे सगळं गाडीत बोललं जायचं. खुर्चीवर बसून करणार काय, हे बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मीही कधी विचारलं नव्हतं. ती खंत आहे. शोभाताईंनी न विचारता सांगितलं.

"अरुणभाऊ, तुमी आमच्या बजारात आले काय कधी?"

"गाडी घेऊन गेलोय, उतरलो नाही."

"उतरा एकदा उन्हाळ्यात. माही माय वांगे घेऊन बसे, मंग मी बसले. सकाळी तोडलेलं वांगं दुपारपर्यंत उन्हानं सुरकुतते. मंग गिऱ्हाईक म्हनते, शिळं हाये. सकाळचं वांगं, शिळं. अर्ध्या भावात द्या लागते. आमाले काई महाल नाई पाहिजे. बसाले ओटे, वरतं टिनाचं छप्पर. चार सभापती झाले, चौघायनं हो म्हटलं. चौघायनंही सावलीत बसून हो म्हटलं."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण नेतोय तो हात कुणाच्या तरी कामाचा आहे.

चिखलदऱ्याला पहिल्याच सकाळी बापूसाहेबांनी बैठक घेतली. बाहेर इतकं धुकं होतं की व्हरांड्यातून समोरची गाडी दिसत नव्हती. विषय एकच, गुलाबराव. गुलाबराव स्वतः बैठकीला हजर होते. त्यांना न बोलवायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ते आले असते, कारण चहा तिथेच होता.

बापूसाहेब उभे राहिले. "गुलाबराव, इतिहास आपल्याकडे पाहतो आहे."

"पाहू द्या," गुलाबराव म्हणाले. "मी चहा पिऊन राहिलो."

"आपण आघाडीत आहात की नाही?"

"नाई."

"मग आपण जाणार आहात का?"

"विचार करून राहिलो. थोडा वेळ द्या."

बापूसाहेबांनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली. संध्याकाळी गुलाबरावांनी सकाळपर्यंत मागितली. सकाळच्या मुदतीला बापूसाहेबांनी "अंतिम" हा शब्द लावला, आणि ती टळल्यावर पुढच्या मुदतीला "निर्णायक". मराठी भाषा समृद्ध असल्यामुळे त्यांना विशेषणांची तूट पडली नाही.

मधल्या काळात गुलाबरावांचा फोन वाजत होता. ते व्हरांड्यात जाऊन सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात बोलायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की समोरच्यांनी त्यांना नुसतं या असं म्हटलेलं नाही, सभापतीचं पदच देऊ केलंय.

संतोष उखडला. "बापू, हाकला याले. हा मानूस चहा आपला पिते अन् फोनवर त्यायच्याशी बोलते. असा किती दिवस थांबा लागते आपल्याले? मुदत नाई, काई नाई. बॅग द्या अन् एसटीत बसवा."

बापूसाहेबही त्या मनःस्थितीत आले होते. स्वाभिमान, शिस्त, आघाडीची प्रतिष्ठा असे शब्द जमू लागले होते, आणि असे शब्द जमले की माणसं चुकीचे निर्णय घेतात असा माझा अनुभव आहे.

शोभाताई भाजी निवडावी तशा शांतपणे म्हणाल्या, "हाकलला तं आपन चार. ठेवला तं पाच. ठेवाले काय लागते? चहा. देऊन राहिलो ना आपन."

"ताई, तो तुमचीच खुर्ची घेऊन चालला," संतोष म्हणाला.

"म्हनूनच सांगून राहिले. खुर्ची माही चालली, अन् घाई तुले."

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नेतेमंडळींना सल्ला देत नसे, पण विचारलं तर धंद्याचं सांगायचो. मी त्यांना गॅलरीत नेऊन दोरी दाखवली. तिच्यावर गुलाबरावांचा धुतलेला बनियन वाळत होता. चिखलदऱ्याच्या धुक्यात बनियन वाळायला दोन दिवस लागतात, आणि हे गुलाबरावांना कळत होतं.

"बापूसाहेब," मी म्हणालो, "ज्याला जायचं असतं तो कपडे धूत नाही. बॅग भरून दारात बसतो. मी कितीतरी गेलेले पाहिलेत. हा मनुष्य जायला वेळ मागत नाहीये. थांबवून घ्यायला मागतोय."

"मग थांबवतोय की. दोन दिवस थांबवतोय."

"कशावरून रुसलाय ते विचारलं कुणी?"

विचारलं नव्हतं. कारण पेपरात छापून आलं होतं: विकासाच्या मुद्द्यावर मतभेद. बापूसाहेबांनी त्यावर विश्वास ठेवला होता. त्यांच्या सगळ्या राजकीय आयुष्यातली हीच एक भाबडी गोष्ट असावी.

विचारलं शोभाताईंनी. त्या गुलाबरावांना घेऊन कड्यापर्यंत फिरायला गेल्या आणि जाताना मला हाक मारली, म्हणून मी ऐकलं. कड्यावरून दरी दिसते असं म्हणतात. त्या दिवशी आम्हांला कठडासुद्धा नीट दिसत नव्हता.

"भाऊ, खरं सांगा, कायले निघाले तुमी?"

"विकासाच्या मुद्द्यावर," गुलाबराव धुक्याकडे पाहत म्हणाले.

"ते पेपरवाल्याले सांगा. मी बाईमानूस हावो, मले मुद्दे नोका सांगू. कोनाच्या पंगतीत काय झालं?"

गुलाबरावांनी मिशांवरचं धुकं पुसलं. मग एकदम सगळं आलं.

"वावरात रोडगे केलते. आघाडी झाली म्हनून. आंब्याखाली दीडशे मानूस. मी सकाळपासून विस्तवापाशी. बापू आले, पंगतीत बसले. एक रोडगा चुरला त्यायनं. मी तूप घेऊन त्यायच्या पानापर्यंत जातच होतो, तं फोन आला, अन् उठले. भरल्या पानावरून उठले. तूप माह्या हातातच राहिलं." त्यांनी हात पुढे करून दाखवला, जणू वाटी अजून तिथे होती. "बरं, गेले कुठी? पलीकडच्या गावी. तिथीही रोडगेच. तिथी तीन खाल्ले. मले सारं गाव सांगते, तीन खाल्ले."

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी: रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला. तो फोडायचा, चुरायचा, त्यावर यजमानाने स्वतः तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. तूप पडण्याआधी पाहुणा उठला तर जेवण झालं असं धरत नाहीत. बोलावणंच परत केलं असं धरतात.

शोभाताई म्हणाल्या, "एवढ्यासाठी?"

"एवढं?" गुलाबराव म्हणाले. "राजकारनात बापूनं मले दोनदा फसवलं. मी एक शब्द बोललो नाई. ते चालतेच. हे पंगतीतून उठले."

परत आल्यावर शोभाताईंनी बापूसाहेबांना सगळं सांगितलं. बापूसाहेबांना तो फोन आठवत होता, रोडगा आठवत नव्हता. पण त्यांनी लगेच मोठेपणा दाखवला.

"ठीक आहे. गुलाबरावांच्या सन्मानार्थ मी इथे रोडग्यांचा कार्यक्रम देतो."

"तुमी नाई बापू," शोभाताई म्हणाल्या. "करतीन ते. वाढतीन ते. तुमाले खाचे हायेत."

"मला डॉक्टरने तूप बंद केलंय."

"डॉक्टरले मत नाई."

हे वाक्य मी पुढे अनेक सहलींमध्ये वापरलं.

मी गवळ्यांच्या वस्तीवर जाऊन गोवऱ्या आणि तूप आणलं, वांगी परतवाड्याहून मागवली. गुलाबरावांना नुसतं एवढं सांगितलं, की उद्या स्वयंपाकी येत नाही, तुम्ही काही करता का. त्यांनी माझ्याकडे, गोवऱ्यांकडे आणि तुपाच्या डब्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं, आणि समजलं हे आम्हांला समजू दिलं नाही. डोक्याला दुपट्टा बांधून ते कणीक पाहायला गेले.

तिसऱ्या दिवशी, निवडीच्या आदल्या दिवशी, गेस्टहाउसच्या मागच्या अंगणात विस्तव केला. गोवऱ्या धुक्यात ओल्या झाल्या होत्या. धूर इतका झाला की धुक्याला लाज वाटावी. संतोषला फुंकर मारायला बसवलं होतं, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गुलाबराव वरून सांगत होते, "अरे हळू. आघाडी पेटवून राहिला काय?" दोन दिवसांत पहिल्यांदा ते हसले.

जेवायची वेळ टळून गेली. बापूसाहेब पाट मांडून बसले होते. भूक लागली की त्यांची प्रस्तावना लहान होते हे मला त्या दिवशी कळलं.

"गुलाबराव, किती वेळ?"

गुलाबरावांनी काठीने निखारे सारले, एक रोडगा उलटवला आणि मान वर न करता म्हणाले, "थोडी मुदत द्या बापू."

बापूसाहेबांनी दिली. विशेषण न लावता दिली.

पंगत बसली. गुलाबरावांनी बापूसाहेबांच्या पानात रोडगा फोडला आणि तुपाची वाटी घेऊन उभे राहिले. पत्तेवाल्या सदस्यांनीसुद्धा पत्ते खाली ठेवले होते. गुलाबरावांनी तूप ओतलं, रोडग्याच्या बाजूने ओघळेपर्यंत ओतलं. बापूसाहेबांनी खाल्लं. दुसरा आला. तिसऱ्याला त्यांनी हात आडवा धरला. गुलाबराव वाटी घेऊन तिथेच उभे राहिले. बापूसाहेबांनी हात काढला. तिसरा संपल्यावर शोभाताई पलीकडून सहज म्हणाल्या, "बापू, तिथीही तीनच झालते म्हनते." बापूसाहेबांनी डोळे मिटून चौथा घेतला. राजकारणात मी पुष्कळ त्याग ऐकले आहेत, पाहिलेला हा एक.

चौथ्यावर तूप पडत असतानाच गुलाबरावांचा फोन वाजला. अकोल्याहून. त्यांनी डाव्या हाताने फोन कानाला लावला, उजव्या हातात वाटी तशीच.

"हॅलो. हो. बोला. सभापतीच ना, समजलं मले. अर्ज तयार ठेवला? माह्या नावाचा? बरं. नाई, नाई म्हनलो नाई मी. वाढून राहिलो. तुमी थांबा. उद्या पाहू."

संतोषच्या हातातला घास खाली आला. "काका, सरळ नाई म्हना ना त्यायले."

"जेवन चालू असताना कोनाले नाई म्हनू नये," गुलाबराव म्हणाले आणि बापूसाहेबांकडे वळले. "भाजी घ्या."

त्या संध्याकाळी बापूसाहेबांनी बैठक घेतली नाही. ते आडवे होते.

निवडीच्या दिवशी पहाटेच निघालो. गुलाबरावांनी उरलेले दोन रोडगे दह्यात कालवून खाल्ले, बनियन ओलाच अंगात घातला आणि खिडकीशी बसले. मी सगळ्यांचे फोन गोळा केले. त्यांनी त्यांचाही काढून दिला, कुरकुर न करता. मला वाटतं, त्यांना तो नकोसाच झाला होता. घाट उतरेपर्यंत ते घोरायला लागले.

गाडी तालुक्याच्या गावाबाहेर कापसाच्या एका जिनिंग गिरणीच्या भिंतीशी, कडुनिंबाखाली उभी केली. पद्धत अशी, की सकाळी ठरावीक वेळेपर्यंत उमेदवारी अर्ज द्यायचे आणि दुपारी सभा घेऊन हात वर करायचे. शोभाताई, सूचक म्हणून संतोष आणि सोबत मी असे पायी कचेरीत गेलो. अर्ज दिला. समोरचे तिघं फाटकाशी उभे होते. एकाच्या हातात अर्ज होता, गुलाबरावांच्या नावाचा, सगळा भरलेला. फक्त उमेदवाराची सही व्हायची होती. ते रस्त्याकडे पाहत होते आणि फोन लावत होते. माझ्या पिशवीतल्या डब्यात एक फोन सारखा थरथरत होता. सदस्यांचे फोन उचलणं आमच्या धंद्यात बसत नाही.

दुसऱ्या कुणाच्या नावाचा अर्ज त्यांनी भरलाच नव्हता. भरला असता आणि गुलाबराव आले असते तर ते पुन्हा रुसले असते, ही भीती. म्हणजे त्यांनीही त्यांना वेळच दिला होता, आमच्याइतकाच मोकळ्या मनाने. फरक एवढाच की आमच्याकडे गुलाबराव होते आणि त्यांच्याकडे फक्त वेळ.

वेळ संपली. त्यांच्यातले ज्येष्ठ निवडणूक अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले. "साहेब, थोडी मुदत द्या. मानूस येऊन राहिला."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आला का?"

"येऊन राहिला."

"म्हणजे आला नाही," साहेब म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

अर्ज एकच. शोभाताई बिनविरोध. दुपारच्या सभेत साहेबांनी नाव वाचून दाखवलं आणि झालं, हात वर करायची वेळच आली नाही. बाहेर गुलाल उधळला गेला, ताशेवाले आले, बाजारातल्या बायका टोपल्या तशाच सोडून आल्या होत्या. त्यांतल्या एकीने शोभाताईंच्या गळ्यात झेंडूच्या हाराऐवजी मेथीच्या जुड्यांची माळ घातली, कारण झेंडू संपला होता. संतोष असा नाचला की गुलाबरावांना एसटीत बसवायची भाषा त्याला आठवतही नसावी. माझी पाठ इतक्या जणांनी थोपटली की रात्री बाम लावावा लागला, आणि मी तो आनंदाने लावला. बापूसाहेबांनी कचेरीच्या पायरीवर उभं राहून संयमाचं महत्त्व सांगितलं. निघालेल्याला वेळ देण्यातच आघाडीचं मोठेपण असतं, हे आपण पहिल्या क्षणापासून ओळखलं होतं, असं ते म्हणाले. मध्ये मध्ये पोटावर हात ठेवत होते.

भाषण त्यांचं असलं तरी मत बरोबर होतं, आणि माझं आजही तेच आहे. निघालेल्याला वेळ द्यावा. फक्त तेवढ्या वेळात त्याच्या पंगतीतून कोण उठून गेलं होतं, ते शोधावं. इंग्लंडच्या बाबतीत हे कुणी केलं की नाही, मला पेपरात सापडलं नाही.

ओटे झाले. एक उन्हाळा गेला, पण दुसऱ्याच्या आत वर टिनाचं छप्पर आलं. उद्घाटनाला मी गाडीतून उतरलो. सावलीत ठेवलेली वांगी चकचकीत होती, आणि शोभाताईंनी मला दोन किलो घ्यायला लावली, पूर्ण भावात.

निवडीच्या त्या दुपारी मात्र गुलालाच्या गडबडीत बापूसाहेबांना एकदम आठवण झाली. "गुलाबराव कुठायत? त्यांच्या हातामुळे आज हा दिवस दिसला. आधी हार त्यांना." हार घेऊन आम्ही सगळे मिरवत कडुनिंबाखालच्या गाडीपाशी गेलो. ताशा थांबवून बापूसाहेब स्वतः वर चढले.

गुलाबराव मागच्या लांब बाकावर झोपले होते. उजवा हात डोक्याखाली होता.